चौदा नंबरची ज्योत

“कोणता रंग?” केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत फादरांनी विचारलं.

“जांभळट. फिकट आहे,” मुलगी म्हणाली. “निळ्या काचेतून दिसला.”

“मला दाखव.”

तिने तार ॲसिडात बुडवली, चौदा नंबरच्या बाटलीतल्या पांढऱ्या सॉल्टला टेकवली आणि बर्नरच्या ज्योतीत धरली. फादर वाकले. आधी नुसत्या डोळ्यांनी, मग निळी काच डोळ्याला लावून त्यांनी पाहिलं. काच पुसून पुन्हा एकदा पाहिलं.

“नुसतं बघितलं तर पिवळं. काचेतून काहीच नाही. म्हणजे सोडियम. तू पोटॅशियम कुठून आणलंस?”

“फादर, मला दिसलं.”

“दिसलं नाही. कुणीतरी सांगितलं.”

त्यांनी तिच्या जर्नलवर शून्य लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे वळले. मुलगी रडली नाही. तिने तार धुऊन जागेवर ठेवली, बर्नर बंद केला आणि ती निघून गेली.

तीन पावलांवर मामा उभे होते. कॉलेजातले सगळे त्यांना मामाच म्हणत, नोकरीच्या कागदावर ते प्रयोगशाळा सहायक होते. सकाळी सगळ्या बाटल्या त्यांनीच भरल्या होत्या. चौदा नंबरमध्ये पोटॅशियमचंच सॉल्ट होतं. त्यात सोडियमचा लेश असला तरी ज्योत नुसत्या डोळ्यांना पिवळी दिसते, जांभळा रंग निळ्या काचेतूनच कळतो. ते त्या खोलीत फक्त त्यांना ठाऊक होतं, आणि परीक्षेत मामांनी तोंड उघडायचं नाही, असा नियम होता.

नियम फादरांचाच. आधीचे मामा बाटल्यांचे नंबर मुलांना विकत, हे उघडकीला आल्यावर त्यांनी तो घातला होता. फादर स्वतःही बाटल्यांची यादी बघत नसत. “बाटलीत काय आहे ते दुकानदारालाही सांगता येतं,” ते म्हणत. “ज्योतीत काय दिसलं ते सांगा.” त्यावर मार्क. थेंब मोजायच्या काचेच्या नळीवरून मुलांनी त्यांच्या नावावर एक वाक्य खपवलं होतं, “देव माफ करतो, ब्युरेट करत नाही.” फादरांच्या कानावर ते गेलं तेव्हा ते म्हणाले होते, की यातला दुसरा भाग आपण प्रयोगाने सिद्ध करून देऊ शकतो.

कॉलेज धर्मगुरूंच्या संस्थेचं. एके काळी अकरा फादर तिथे शिकवत. आता हे एकटेच उरले होते, बाकीचे प्राध्यापक बाहेरचे. संस्था दर वर्षी तीन मुलांची फी माफ करी. अट एकच, कोणत्याही विषयात, प्रॅक्टिकललाही, नापास व्हायचं नाही. चौदा नंबरची मुलगी त्या तिघांपैकी होती. तिची आई लोकांच्या कपड्यांना इस्त्री करून घर चालवत होती. शून्याचा अर्थ मुलीला कळला होता, तसा मामांनाही.

आणखी एक गोष्ट त्यांना कळली होती. ‘कुणीतरी सांगितलं’ यातलं कुणीतरी म्हणजे तेच.

मामा इथे अठराव्या वर्षी बाटल्या धुवायला आले. दहावीला गणित आणि विज्ञान दोन्हींत नापास झाले होते. फादर तेव्हा नवे होते. पाच वाजता कॉलेज सुटलं, की ते या पोराला याच टेबलाशी बसवत. चार वर्षं बसवलं. दोनदा नापास झाल्यावर पोरगा म्हणाला, “फादर, सोडा आता माझा नाद.” फादर म्हणाले, “तू नापास झालास, मी नाही झालो. बस.” तिसऱ्या खेपेला तो सुटला. पुढे नोकरी पक्की झाली, लग्न झालं, दोन मुली झाल्या. दोघी याच कॉलेजात, याच फी माफीवर शिकल्या. थोरली नर्स झाली, धाकटी शाळेत शिकवते. सणासुदीला घरी गोडधोड झालं, की पहिला डबा फादरांकडे जाई.

म्हणूनच गेलं वर्षभर ते गप्प होते. टायट्रेशनमध्ये ब्युरेटमधून थेंब सोडताना गुलाबी रंग आला की थांबायचं असतं, पण फादरांचा हात थांबत नाही, हे त्यांनी टिपलं होतं. तेव्हापासून ते फादरांच्या खांद्याशी उभे राहायचे आणि हळूच म्हणायचे, “झालं, फादर.”

परीक्षा संपली, शेवटचा मुलगा बाहेर पडला. मामांनी दार लोटलं.

“फादर, जरा बोलायचं होतं.”

“बोल. आता बंदी नाही.”

“चौदा नंबर.”

फादरांनी पेन खाली ठेवलं. “तू सांगितलंस तिला?”

“नाही. पण माझ्या शब्दावर जाऊ नका.” मामांनी कपाटातून नवी बाटली काढून त्यांच्या हातात दिली. “सील तुम्ही तोडा. नाव तुम्हीच वाचा.”

फादरांनी भिंग काढलं. एकेक अक्षर लावत वाचलं. “पोटॅशियम क्लोराइड.”

मामांनी बर्नर पेटवला, तार बुडवली, धरली. फादर काच लावून वाकले.

“धर ना,” फादर म्हणाले.

“धरलंय, फादर.”

“आत आहे?”

“आहे.”

“कसा दिसतो?”

“फिकट जांभळा. तिने लिहिलाय तसाच.”

फादरांनी काच डोळ्यावरून काढली नाही. मामांचा हात भरून आला, तरी त्यांनी तार हलवली नाही.

“कधीपासून माहीत आहे तुला?”

“मागच्या वर्षापासून. टायट्रेशनला तुम्ही पुढे जायला लागलात.”

“म्हणून ते ‘झालं, झालं’! मला वाटायचं, याला घरी जायची घाई.”

मामांना हसू आलं, पण ते टिकलं नाही.

“डॉक्टर म्हणाले होते, डोळ्याचा मागचा पडदा झिजतोय,” फादर म्हणाले. “ऑपरेशनचा उपयोग नाही. मला वाटलं, अक्षरं पुसट होतील, एवढंच. रंगही जातात हे विचारायचं सुचलं नाही. केमिस्ट्रीचा मास्तर!”

“मग थांबलात कशाला, फादर? विश्रांती घ्यायची.”

“माझा पगार मी घेत नाही. तो संस्थेत जमा होतो, त्यातून या तिघांची फी निघते. मी उठलो की पगार बंद. म्हटलं, ओढू अजून एखादं वर्ष.”

मामांनी बर्नर बंद केला. आपल्या मुलींची फी कुठून आली, हे त्यांना आज, बत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर कळत होतं.

“तू बोलला का नाहीस?”

“तुम्हाला कसं बोलणार? माझं घर तुमच्यामुळे उभं राहिलं. वाटलं, तेवढीच परतफेड.”

“माझी परतफेड त्या पोरीच्या खिशातून?” फादर म्हणाले. आवाज चढला नव्हता. “शून्य तिला मिळालं.”

“चुकलं माझं.”

“दोघांचं चुकलं. माझं जास्त. मी तिला खोटी म्हणालो.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या मुलांची परीक्षा होती. फादरांनी आदल्या दिवशीची मुलंही बोलावून घेतली होती. ती भिंतीकडेला उभी राहिली. फादर खुर्चीतून उठले.

“काल मी हिला म्हणालो, की तुला कुणीतरी सांगितलं. हिला कुणी काही सांगितलं नव्हतं. हिने बरोबर पाहिलं होतं. मला दिसत नाही. मी तुझी माफी मागतो.”

मुलगी गोरीमोरी झाली. “असू दे, फादर.”

“असू देऊ नकोस. जर्नल आण.”

त्यांनी शून्य खोडून वीसपैकी अठरा लिहिले. “दोन कमी का, फादर?” मागून कुणीतरी विचारलं. “अक्षराचे,” फादर म्हणाले. पहिली हसली ती मुलगीच.

मग त्यांनी सांगितलं, की संस्थेच्या वरिष्ठांना रात्रीच पत्र लिहिलंय. सत्र संपलं की ते निवृत्त धर्मगुरूंच्या घरी राहायला जातील. यंदाच्या तिघांची फी शेवटच्या वर्षापर्यंत भरली जाईल, एवढं त्यांनी पत्रात मागून घेतलं होतं. पुढच्या वर्षी तीन मुलं घेता येतील की एक, ते सांगता येत नव्हतं.

“आणि आज मामा बोलणार,” ते म्हणाले. “तुमचं उत्तर लिहून झालं, की रंग ते तपासून सांगतील. मी मार्क लिहीन.”

मामा पुढे आले. इतकी वर्षं परीक्षेत मिटलेलं तोंड उघडताना पहिल्या टेबलाशी त्यांचा आवाज चिरकला. “हिरवा,” ते म्हणाले. मुलाने मान डोलावली. पुढच्या टेबलाशी ते जरा मोठ्याने म्हणाले, “विटकरी.” फादर मुलांच्या नावांच्या यादीवर वाकून मार्क मांडत त्यांच्यामागून येत होते.

खिडकीपाशी पोहोचेपर्यंत फादरांचं पेन रांग सोडून खाली घसरू लागलं होतं. एकाचे मार्क दुसऱ्याच्या नावासमोर पडायला आले. मामांनी जवळच्या मुलाची फूटपट्टी उचलली आणि कागदावर बरोबर त्या नावाखाली आडवी धरली.

फादरांनी पेनाचं टोक पट्टीला टेकवलं.

“याला सतरा?” त्यांनी विचारलं.

“सतरा,” मामा म्हणाले, आणि पट्टी एक रांग खाली सरकवली.