शिंग्रोबाचा उतार

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये म्हणतात. मी घेते. आमच्या सगळ्या लोधिवली गावाने घसा बसेपर्यंत घेतलं, मग मीच का मागे राहू? माझं लग्न येसाजीशी झालं, पण घरात मला माणूस कमी आणि शर्यतीचा बैल जास्त मिळाला. हे मी चिडून बोलते आहे असं कुणाला वाटेल, तर बरोबरच वाटेल.

माझं माहेर कोंडाण्याचं. सोयरिकीची बोलणी चालली होती तेव्हा माझ्या वडिलांना एकच गोष्ट दहादा ऐकवली गेली, की मुलगा घाटाच्या सायकल शर्यतीत सलग तीन वर्षं पहिला आलाय. शेती किती, घरात माणसं किती, हे सगळं मागाहून. दसरा झाला की पुढच्या रविवारी खोपोलीच्या नाक्यावरून ही शर्यत सुटायची. घाट चढून शिंग्रोबाच्या देवळापर्यंत जायचं, देवळाला वळसा घालायचा आणि त्याच रस्त्याने खाली नाक्यावर यायचं. तेवढा वेळ पोलीस दोन्हीकडचे ट्रक थांबवून धरायचे. सायकली म्हणाल तर साध्याच, दूध घालायच्या, कामावर जायच्या. मडगार्ड काढलं, कॅरिअर काढला, की झाली शर्यतीची सायकल.

येसाजीचा बाप तो लहान असताना गेला. त्याला वाढवलं त्याच्या चुलत्याने, कोंडाजीने. म्हणजे माझे चुलत सासरे. सगळा गाव त्यांना तात्या म्हणायचा, मी मामंजी. मामंजींनी उभा जन्म बैल पळवले होते. बैल कसा राखायचा एवढंच त्यांना माहीत, म्हणून पुतण्यालाही त्यांनी तसाच राखला. घटस्थापनेपासून गावातल्या घरांनी पाळीपाळीने त्याला खुराक पोचवायचा. आज ह्यांच्याकडून दूध, उद्या त्यांच्याकडून अंडी, परवा भिजवलेले हरभरे. संध्याकाळी मामंजी स्वतः त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत. विळा धरायचा नाही, ओझं उचलायचं नाही, आणि शर्यत होईपर्यंत झोपायचं गावच्या देवळाच्या मंडपात. लग्न होऊन पाच महिने झालेल्या बायकोने ह्यातून काय समजायचं ते समजावं.

शेजारची गंगाबाई म्हणायची, "नशीब काढलंस गं आवडे! गावचा गडी हाय तुजा."

गावचा गडी. मला आपला घरचा असता तरी चाललं असतं.

लवकर पिकणारं हळवं भात कापायला आलं होतं. अश्विनातलं ऊन पाठ भाजून काढत होतं. मी एकटीच वाफ्यात होते, तर हा बांधावरून चालत आला. सायकल हातात, बसलेला नाही. बांधावर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवडे, मला औंदा नाय जायचं."

मला आधी वाटलं, मंडपातल्या झोपेला कंटाळला. मी हसले. मग त्याचं तोंड बघितलं आणि विळा खाली ठेवला.

मग तो सांगू लागला. गेल्या वर्षी उतरताना वावोशीचा सहदेव त्याच्या पुढे होता. एका वळणावर येसाजी वळला आणि सहदेव वळलाच नाही. त्याची पाठ दिसत होती, मग नुसता कठडा दिसला. येसाजी थांबला नाही. थांबताच आलं नाही, इतका वेग होता. तो खाली पोचला, पहिला आला म्हणून लोकांनी गुलाल उधळला, आणि तो "सहदेव पडला, सहदेव पडला" असं ओरडत होता ते ताशाच्या आवाजात कुणाला ऐकूच आलं नाही. सहदेवाला दोर सोडून वर काढला. जगला. आता घरच्या ओटीवर बसून असतो, कमरेखाली काही हलत नाही.

"तवापासून मला उतार बघवत नाय," येसाजी म्हणाला. "नदीकडचा एवढासा उतार, त्यावर बी मी खाली उतरून चालतो. कोन बघत नसलं म्हंजी."

"मग सांगा ना मामंजींना."

"काय सांगू? भ्या वाटतं म्हनून? ज्यानं बापावानी वाढवला त्याला?"

"तुमी नका सांगू, मी सांगते."

त्याने हात जोडले. भर उन्हात, माझ्यासमोर, चांगले दोन्ही हात जोडले. मला त्याची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकाच वेळी. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. मी म्हटलं, मग वर गेल्यावर पोटात कळ आली म्हणा, आणि ट्रकमधून खाली या. तो म्हणाला, वर मामंजींच्या हाताखालचा कमळ्या दहा पोरं घेऊन उभा असतो. लिंबाचं पाणी तोंडात ओततात आणि पाठीला हात लावून ढकलतात. पोटात कळ आली सांगायला श्वास तरी घेऊ देतात का?

तरी मी त्या संध्याकाळी जेवण वाढताना विषय काढलाच. "मामंजी, ह्यांची तब्येत औंदा बरी दिसत नाय. एक साल राहू दिलं तर?"

मामंजी हसले. प्रेमाने हसले, हेच तर वाईट. "घाबरलीस व्हय पोरी? पयल्या सालाला बायका घाबरत्यातच." मग येसाजीकडे वळून म्हणाले, "बघ रं, तुज्यापायी बायको जेवत नाय. जिंकून ये म्हंजी जेवंल." सगळी पंगत हसली. येसाजीही हसला.

शर्यतीच्या रविवारी आम्ही बायका गाडीत बसून खोपोलीला गेलो. आरतीचं ताट गंगाबाईने मांडीवर धरलं होतं. नाक्यावर ही गर्दी. येसाजीच्या गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला कुंकू. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. शिट्टी झाली आणि सगळ्या सायकली घाटाला लागल्या. चढावर त्याला गाठणारा कुणी नव्हताच. पहिल्या वळणाआड गेला तेव्हा तो सगळ्यांच्या पुढे होता. गाव नाचायला लागला. मी रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले. देवाला काय मागावं ते मला कळेना. जिंकू दे म्हणू की हरू दे? शेवटी म्हटलं, जिवंत येऊ दे, बाकीचं मी बघते.

बऱ्याच वेळाने वरून पहिली सायकल आली. येसाजी नव्हता. दुसरी आली, तिसरी आली. ताशा बंद पडला. चौक गावचा एक पोरगा पहिला आला, त्याला त्याच्या लोकांनी हार घातला, पण आमच्या लोकांचे डोळे घाटाकडेच. आलेल्यांना विचारलं तर ते म्हणे, उतरताना चाकापुढच्या रस्त्याखेरीज काही दिसत नाही. मग पोलिसांनी ट्रक सोडले, आणि कमळ्या आणि पोरं वरून एका ट्रकमध्ये आली. कमळ्या ओरडत होता, "येसाजीदादा कवाच खाली सुटला! समद्यांच्या पुढं होता! आमीच ढकलला!" वाटेत दिसला नाही का, विचारलं तर म्हणे आम्ही मागच्या फळीला पाठ टेकून बसलो होतो, गाणी म्हणत होतो. येसाजीला बांधायला आणलेला फेटा मामंजींच्या हातातून खाली पडला. गंगाबाईने माझा दंड धरला.

आणि तेवढ्यात शेवटच्या वळणावरून येसाजी आला. चालत. सायकल हातात धरून, रस्त्याच्या अगदी डोंगराकडच्या कडेने, एक एक पाऊल टाकत.

मला इतका आनंद आयुष्यात कधी झाला नाही. मी पळतच सुटले. मामंजीही पळाले, त्या वयात. आम्ही दोघं आणि कमळ्या त्याच्यापाशी पोचलो, बाकीचे मागून येत होते.

"काय झालं रं? काय झालं?"

येसाजीने मामंजींकडे सरळ बघितलं. "तात्या, मला भ्या वाटलं. सहदेवाच्या वळनापात्तुर आलो आन् उतरलो. चालत आलो."

त्याने सांगितलं! माझ्या नवऱ्याने सांगून टाकलं, कशाचाही आडोसा न घेता. मला वाटलं, सुटलो. आता लोक हसतील, चार दिवस नावं ठेवतील, आणि मग आम्ही आमचं भात कापू.

मामंजींनी त्याच्या मानेवर हात ठेवला आणि तसाच ठेवून उभे राहिले. त्यांच्या हाताखाली तो थरथरत होता, ते मलाही दिसत होतं. त्यांना सगळं कळलं. बिथरलेलं जनावर ओळखायला त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ते हळू आवाजात म्हणाले, "बोललास ते बोललास. परत बोलू नगं." मग चाकाकडे बघायला वाकल्यासारखे वाकले. मी त्याच बाजूला उभी होते. अंगठ्याने दाबून त्यांनी ब्रेकचं रबर काढलं, बंडीच्या खिशात टाकलं, आणि उठून मोठ्याने ओरडले, "रबर उडालं रं! ब्रेकचं रबर उडालं! या, बघा!"

सगळे वाकून बघायला लागले. रबर नव्हतंच. कुणी म्हणालं, दुसरा असता तर दरीत गेला असता. कुणी म्हणालं, ब्रेक नसताना गाडी आवरली, ह्याला म्हणतात गडी. पहिला आलेला चौकचा पोरगा राहिला बाजूला आणि ह्यालाच खांद्यावर उचललं. ताशा पुन्हा वाजायला लागला.

"खोटं हाय!" मी ओरडले. "ब्रेक चांगला व्हता! त्यांना भ्या वाटलं, त्यांनी आपल्या तोंडानं सांगितलं आत्ता!"

गंगाबाईने पदराने माझं तोंड दाबलं. "गप गं! चारचौघांत नवऱ्याची अब्रू काढतीस?"

पण येसाजीने ऐकलं होतं. खांद्यावरून त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघत राहिले. एक शब्द पुरला असता. ती खरं बोलते, एवढंच. खाली सगळी तोंडं त्याच्याकडे वळलेली, कौतुकाने, मायेने. कुणीतरी ओरडलं, "पुढच्या सालाला दाखवू!" आणि येसाजीने हात वर केला.

मी रडले. रागाने नाही. खरं बोलायला त्याच्याकडे जेवढा जोर होता तेवढा त्याने एकदा लावला होता. दुसऱ्यांदा लावायला उरला नव्हता, हे मला दिसलं.

मिरवणूक पुढे गेली. मामंजी सायकल घ्यायला मागे राहिले. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हात पुढे केला.

"मामंजी, रबर द्या."

"कसलं रबर?"

"बंडीच्या खिशातलं."

त्यांनी इकडेतिकडे बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. त्यांना ऐकवायला माझ्या तोंडात कितीतरी होतं, सहदेवाचं, मंडपाचं, पंगतीतल्या हसण्याचं. पण त्यातलं काहीच बाहेर आलं नाही.

"पुढच्या सालाला ह्याच सायकलवर बसवनार ना त्यांना?" मी म्हटलं. "मग ब्रेक तरी असू द्या."

त्यांनी खिशातून रबर काढून माझ्या हातावर ठेवलं. मी ते पदराच्या टोकाला बांधलं आणि ताशाच्या मागे चालू लागले.