जळक्या उतारावरचे विवनू

मित्रांनो, मी एक जुने झुडूप आहे आणि मला शेजारी आवडत नाहीत.

पाटो डोंगराच्या कुशीत, जिथे अर्धा उन्हाळा सरला तरी बर्फ हटत नाही, तिथल्या फरच्या, म्हणजे उंच सूचिपर्णी झाडांच्या, जंगलात माझी मुळे आहेत. इथली माणसे मला विवनू म्हणतात. उंचीने मी तुमच्या कमरेइतके. फळे वाटाण्याएवढी, काळी-जांभळी आणि जीभ रंगवणारी. शहरातून काही जण फावडी घेऊन मला बागेत न्यायला आले होते. त्यांनी माझ्या चार काड्या उपटून नेल्या. त्या तिथे गेल्या आणि मेल्या. बरे झाले. माझे खरे अंग जमिनीखाली दोन उतार व्यापून पसरले आहे. ते कुणाला खांद्यावर टाकून नेता येत नाही.

फरची झाडे माझी जन्माची वैरी. लहान असतात तेव्हा किती गरीब दिसतात! माझ्याच काड्यांच्या आडोशाला वाढतात. एकदा माझ्या डोक्यावर गेली की सगळे ऊन एकटीच खातात. मग मला पाने येतात, फळ येत नाही. फळ नाही म्हणून बायका येत नाहीत, अस्वलेही येत नाहीत. नुसते जिवंत राहायचे.

पूर्वी असे नव्हते. फळे तोडून झाली की घरी परतताना इथल्या बायका उतार पेटवून देत. वर आग पळे, फरची पोरे जळत, आणि खाली माझी मुळे सुखरूप असत. काही वर्षांत मी नव्या काड्यांवर लगडून उभे राही. पुढे मनाई आली, भीती आली. काडी ओढायची कुणाची छाती होईना. माझे दोन्ही उतार सावलीत गेले.

मग व्हायोला नावाच्या म्हातारीने खालचा उतार पेटवला. कुणालाही न विचारता. उद्या पाऊस येणार, एवढे तिने ओळखले होते. ते खरेही ठरले. पण वारा फिरला. उताराच्या कडेला तिची भावजय नेटी धुमसत्या ओंडक्यापुढे चटया पसरून लांबच्या उतारांवरून वेचून आणलेली फळे वाळवत होती. चटया गेल्या, हिवाळ्याची सगळी बेगमी गेली, नेटीच्या आईने विणलेली टोपली गेली.

तेव्हापासून दोघींचे तंबू दोन टोकांना पडू लागले. मीही दुभागले गेले. खालचे माझे अंग चौथ्या उन्हाळ्यात फळांनी वाकले. वरचे अजून फरखाली उपाशीच होते.

त्या उन्हाळ्यात नेटीच्या मुलीने, लेनाने, आयुष्यातली पहिली टोपली भरली. पहिल्या टोपलीतले एकही फळ आपण खायचे नसते. सगळी टोपली उतारावरच्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला द्यायची. नाही दिली, तर हाताला जन्मभर फळ लागत नाही, असे इथे मानतात.

"सायमनकाकाला दे," नेटी म्हणाली. "खाली रस्त्याला तंबू ठोकून बसलाय. म्हातारा आहे."

पलीकडून व्हायोलाचा आवाज आला, "सायमन? त्या पोराचं नाक मी पुसलंय!"

"कान बघ कसे तिखट आहेत," नेटी लेनाला म्हणाली, पण पलीकडे ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "'अक्का, वारा फिरला' म्हणून मी ओरडत होते, तेव्हा मात्र बहिरी झाली होती."

"आई, रीत काय ते सांग ना. माझी टोपली वाया जाईल."

नेटीने लेनाच्या टोपलीतला पाला निवडून टाकला. मग म्हणाली, "जा. पण तिच्याकडचं पाणीसुद्धा पिऊ नकोस."

लेना जळकी खोडे ओलांडून गेली. व्हायोलाने टोपली मांडीवर घेतली. "कुठून तोडलीस?"

"जळक्या उतारावरून, आत्या."

"मोठ्याने सांग. तुझ्या आईचे कान अजून तरुण आहेत."

"जळक्या उतारावरून!" लेना ओरडली. "जिथे आमच्या चटया जळल्या, तिथून!"

म्हातारीचा हात टोपलीवरच थांबला. मग तिने एकेक फळ खायला सुरुवात केली. लेना तोंडाला सुटलेले पाणी गिळत उभी राहिली.

"गोड आहेत," शेवटी व्हायोला म्हणाली. "म्हणजे आग बरोबर होती. वारा नालायक होता."

लेनाने रिकाम्या टोपलीसाठी हात पुढे केला.

"रिकामी टोपली परत देत नाहीत," म्हातारी म्हणाली आणि तिने तीत काड्यापेटी टाकली. "आईला सांग, वरचा उतार तिने पेटवायचा. दिवस तिचा, वारा तिने बघायचा. माझा तंबू मी त्या उताराच्या मधोमध नेऊन ठेवते. जळला तर जळला. मग तरी तिचं तोंड बंद होईल."

नेटीने काड्यापेटी हातात घेतली, हलवून पाहिली. "दमट आहे," म्हणाली आणि खिशात टाकली.

पाने लाल झाली. ढग पाटोच्या खांद्यावर येऊन बसले. नेटी रोज वर येई, मूठभर धूळ उडवी आणि परत जाई. माझी वरची मुळे तिची पावले ऐकत. अगं, ओढ ना काडी! पण ती माझे ऐकणाऱ्यांतली नव्हती.

आज ती आली ती सरळ उताराच्या मधोमध ठोकलेल्या व्हायोलाच्या तंबूपाशी. न बोलता तिने खुंट्या उपटल्या, तंबू ओढत झऱ्यापलीकडे नेला.

"हात लावू नकोस माझ्या तंबूला!"

"उठा. तुमच्या राखेचं ओझं मला नको."

"वारा बघितलास का नीट?"

"चार वर्षं तेच बघतेय," नेटी म्हणाली आणि तिने काडी ओढली.

मित्रांनो, काडीला तुम्ही हात लावायचा नाही. आधी वारा ओळखायला शिका, आणि ज्याची चटई एकदा जळली आहे त्याच्याकडूनच शिका. पण ज्याच्यावर तुमचा जीव आहे, त्याला नुसते कुरवाळत बसू नका. त्याच्या डोक्यावर कोण वाढते आहे, तेही बघत जा.

आता पुरे. फरची पोरे तडतडू लागली आहेत आणि मला त्यांची जराही दया येत नाही. धूर माझ्यापर्यंत आला. मी मुळांत उतरते आहे.