पुन्नागाचा घेर

“झाड कापायला आलात का?” मीनाक्षीबाईंनी फाटकाची कडी हातात धरूनच तमिळमध्ये विचारलं.

“नाही मामी, मापायलाच आल्यें,” तुळसी मराठीत म्हणाली. तमिळ मुलखातल्या मराठी घरांची ती बोली कानावर पडताच फाटक उघडलं.

तुळसी मदुरैला बागा आखते. धंदा मोठा विचित्र. रोप गुडघ्याएवढं झालं की मालक हिशेब चुकता करतो आणि बाग आखणारी फाटकाबाहेर. पुढची सावली मालकाची. म्हणूनच कुंभकोणमला बाग आखणाऱ्यांच्या कार्यशाळेत सरांनी ‘स्वतः लावलेलं सर्वांत जुनं झाड मोजून आणा, नाहीतर जुन्या फोटोंवर बोला’ म्हटल्यावर बाकीचे मोबाइल चाळत बसले, आणि तिने तिरुनीलक्कुडीची बस पकडली. चोवीस वर्षांपूर्वीचं तिचं पहिलं काम या घरी होतं. घरमालक मध्वेशरावांना नुसती हिरवळ हवी होती. ते गावाला गेलेले पाहून तिने स्वतः खड्डा खणून पुन्नागाचं रोप लावलं आणि ते परतल्यावर भरपूर बोलणी खाल्ली.

तो पुन्नाग आता घराच्या वर गेला होता. हे झाड तुझं, असं एकदा कुणीतरी म्हणावं, एवढ्यासाठीच तुळसी आली होती.

“आमच्या ह्यांनी लावलेलं,” मीनाक्षीबाई म्हणाल्या. “मीं तेव्हां लेकीच्या बाळंतपणाला हैदराबादेस. परत आलें तर सांगटले, तुला ऊन सोसत नाही, म्हणून तुझ्यासाठीं लावलों. अस्कं आयुष्य गोड बोलले नाहीत. तें एकच बोलले.”

“मामा हत्तां कुठें आहेत?”

“गेले. तीन वर्षं होलीं.”

तुळसीला राग आला. चांगलाच आला. एवढं बोलून घेतलं, वर झाडही स्वतःच्या नावावर! ‘मामी, हें मी लावलं’ हे शब्द अगदी ओठांवर आले. बुंध्याशी प्लॅस्टिकची एक खुर्ची होती. मीनाक्षीबाईंच्या रोजच्या बसण्याने खुर्चीचे पाय मातीत रुतले होते. तुळसीने वही काढली.

“काय लिहितेस?”

“झाड कोणी लावलं तें.”

“लिही मग. मध्वेशराव. विसरू नोको.”

तिने लिहिलं. कार्यशाळेत आता फोटो दाखवूनच भागवावं लागणार होतं.

पण मापायलाच आले म्हणून सांगितलं होतं; राहिला घेर. टेप बुंध्यामागून फिरवायची तर झाडाला दोन्ही हातांनी कवळावंच लागतं. तुळसीने गाल सालीला टेकवला आणि टेपचं टोक पलीकडून ओढून घेतलं. चार फूट दोन इंच.

“होलं का?” मीनाक्षीबाईंनी खुर्चीतून विचारलं.

“चुकलं वाटतें, मामी,” ती म्हणाली आणि तिने झाडाला पुन्हा कवळून मोजायला घेतलं.