वेगळा ठेवलेला मासा

चाळीस वर्षं लेथ मशीनवर काढलेल्या माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर नऊ एंजल मासे पाळले. त्यातल्या एकाचे पर झडायला लागले, अंगावर कापसासारखी बुरशी आली. बाकीच्यांना लागण नको म्हणून त्यांनी त्याला स्वयंपाकघरात एका टबात वेगळं ठेवलं आणि रोज पाणी बदलून औषध घालायला लागले.

"पेशंट काय म्हणतोय, बाबा?" मी चहा ठेवताना विचारायची.

"घरी सोडा म्हणतोय. पण अजून दोन दिवस तरी नाही."

पाचव्या दिवशी सकाळी बाहेरच्या खोलीतून हाक आली. मला त्यांचा आवाज ओळखूच आला नाही. धावत गेले, तर काचेच्या मोठ्या टाकीतले बाकीचे आठही मासे पाण्यावर आडवे तरंगत होते. काचेला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. पाणी कोमट ठेवणारा हीटर बिघडून तापतच राहिला होता. मी प्लग उपटला.

"धडधाकट होते गं सगळे," ते स्टुलावर बसून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते.

मग एकदम उठून ते स्वयंपाकघरात गेले. टबातला आजारी मासा फाटक्या परांनी सावकाश वर आला. सासरे त्याच्याकडे बघतच राहिले. शेवटी त्यांनी औषधाची बाटली माझ्यापुढे धरली.

"थेंब तू टाक. आता हा एकच उरलाय, माझ्याकडून चूक नको."