बाटलीतलं ऊन

रॉसकॉमनच्या त्या आयरिश गावात लग्नाला निघालेली बाई दोन गोष्टींशिवाय उंबरा ओलांडत नाही: डोक्यावर टोपी आणि अंगावर बाटलीतला रंग. ऊन तिकडे औषधापुरतंच पडतं. मग पोरी करतात काय, तर ते बाटलीतून आणतात, मखमली हातमोज्यानं अंगाला चोळतात, रात्रभर जुन्या चादरीवर झोपतात आणि सकाळी धुऊन काढतात. बघावं तर बाई बिस्किटासारखी खरपूस. नवरी, करवली, नवऱ्या मुलाची आत्या, कुणी म्हणून सुटत नाही.

फिलोमिना तेवढी सुटली होती. "देवानं पांढरी धाडली, पांढरीच परत जाईन," असं ती प्रत्येक लग्नाच्या वेळी ऐकवायची. तिची मुलगी ग्रॉन्या हात जोडायची, "आई, फोटोत तू आणि टेबलक्लॉथ वेगळे ओळखू येत नाहीत गं!" पण फिलोमिना हलली नाही. हटवादीपणात तिचा हात धरणारं गावात एकच माणूस होतं, तिचा नवरा मॅलकी, आणि तो तर केव्हाच देवाघरी गेला होता.

आता ग्रॉन्याचंच लग्न आठवड्यावर आलं होतं आणि फिलोमिना न्हाणीघराच्या आरशासमोर बाटली हातात धरून उभी होती. कारण ती आता पांढरी राहिलीच नव्हती. पिवळी पडली होती. आधी डोळे, मग गळा, मग हातांचे तळवे. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. गॉलवेच्या इस्पितळातल्या डॉक्टरनं स्वादुपिंडात गाठ सांगितली होती, आणि ती पसरलीय हेही सांगितलं होतं. बिचारा तरुण डॉक्टर होता, बोलताना पेनाच्या टोपणाशी चाळा करत होता. "नाताळ धरून चालू नका," एवढंच म्हणाला. पित्ताची वाट मोकळी करायला नळी घालतो, पिवळेपणा कमी होईल, असंही म्हणाला. फिलोमिनानं लग्नानंतरची तारीख मागून घेतली.

हे ठाऊक होतं फक्त तिच्या थोरल्या बहिणीला, कन्सेप्टाला. ती खाली स्वयंपाकघरात चहा घेऊन बसली होती आणि तिचा चेहरा चहापेक्षा कडू झाला होता.

"लावणार आहेस म्हणजे?" फिलोमिना बाटली घेऊन खाली आली तसं तिनं विचारलं.

"अजून ठरवलं नाही."

"ठरवलं नाही म्हणे! बाटलीचं बूच उघडलंयस तू. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतं का गं? पोरीला डोळे आहेत."

"पोरगी सध्या स्वतःच्या ड्रेसशिवाय काही बघत नाहीये. बघू नयेच तिनं."

"तिची आई चाललीय, फिल. तिला कळायला नको?"

फिलोमिना खुर्चीवर बसली. "तिला कळलं तर लग्नानंतर पर्थला जायचं गेलं. नवऱ्या मुलाची, फीक्राची तिकडची नोकरी, व्हिसा, तिकिटं, सगळं गेलं. ती माझ्या उशाशी बसेल. तू विसरलीस, मी विसरले नाही. माझी बॉस्टनला जायची पेटी भरलेली होती. आईनं अंथरूण धरलं, मी म्हटलं महिनाभर थांबते. आई नऊ वर्षं जगली. पेटीतला कोट कसरीनं खाल्ला."

कन्सेप्टानं कप बाजूला सारला. बॉस्टनला तेव्हा तीच गेली होती. बहिणीचं तिकीट तिनं वापरलं होतं. घरात हा विषय कुणी काढत नसे.

"लग्नापुरतं," फिलोमिना म्हणाली. "झाकली मूठ तेवढी झाकलेली राहू दे. रंग उतरला की सांगेन तिला. शपथ."

"कुणाची?"

"तुझीच घे. अजून धडधाकट आहेस."

दोघी हसल्या, आणि मग कन्सेप्टा उठून सिंकशी गेली आणि बराच वेळ एकच कप धूत राहिली.

लग्नाच्या दोन दिवस आधी फिलोमिनानं तोंड, गळा, हात, पाय सगळं स्वतःच रंगवून घेतलं. राहिली पाठ. आता पाठीचं असं आहे की माणूस कितीही हुशार असो, स्वतःच्या पाठीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. तिकडच्या आया, बहिणी, मैत्रिणी एकमेकींच्या पाठी रंगवतात. फिलोमिना कन्सेप्टाला हाक मारणार, तेवढ्यात ग्रॉन्या दारातून आत आली आणि किंचाळलीच.

"आई! तू? रंग? मॅलकीची बायको रंगली! आता पोप नाचला तरी मला नवल नाही!"

"ओरडू नकोस, शेजारची ऐकेल."

"ऐकू दे की! अगं, कोपरं बघ, कोपरांवर केवढे डाग केलेस! आण इकडे तो हातमोजा. पाठ मी करते."

फिलोमिनानं आधी पडदे ओढले. शेजारची डोकावते, असं म्हणाली. खरं कारण असं होतं की बल्बच्या पिवळ्या उजेडात पिवळी पाठ कुणाला ओळखू येणार नव्हती. मग ती स्टुलावर पाठमोरी बसली.

मोजा पाठीवर फिरायला लागला. गार, मऊ, गोल गोल. ग्रॉन्याची बडबड चालू होती: फीक्राची आई टोपीपायी रुसलीय, केक वाकडा आलाय, हवामान चांगलं राहावं म्हणून बाळ येशूची मूर्ती तिनं आत्ताच कुंपणाखाली ठेवलीय, मुंडकं तुटलेली मूर्ती हमखास पावते म्हणतात, आणि हिचं तुटलेलंच आहे, म्हणजे पाऊस नक्की येत नाही. मॅलकी गेल्यापासून फिलोमिनाच्या पाठीला कुणी हात लावला नव्हता. तिला वाटलं, हे लग्न-बिग्न राहू दे, ही पोर अशीच बोलत राहू दे आणि हा मोजा असाच फिरत राहू दे.

मोजा एकदम थांबला.

"आई, किती बारीक झालीस गं. मणके मोजता येतायत."

"ड्रेसात मावायचं होतं ना. कोबी खाऊन दिवस काढलेत."

"वेडी आहेस तू," ग्रॉन्या म्हणाली, आणि वाकून रंगाच्या ओल्या पाठीवरच तिनं ओठ टेकले. मग ओरडली, "शी! तोंड कडू झालं!" आणि हसत सुटली. फिलोमिनाही हसली. डोळे तिनं नंतर पुसले, तेही रंग उतरू नये म्हणून हळूच.

लग्नाला ऊन पडलं. मुंडकं तुटलेल्या मूर्तीनं लाज राखली. फिलोमिनाच्या टोपीला डोळ्यांवर येणारी जाळी होती. ती टोपी का घेतली ते कन्सेप्टाच जाणे. चर्चच्या दारात बायकांनी तिला घेरलं. "स्पेनला जाऊन आलीस की काय?" "अगं, दहा वर्षांनी लहान दिसतेस!" "कुणी नवा बघितलाय वाटतं!" जी ती हेच म्हणत होती, आणि ग्रॉन्या पांढऱ्या झग्यात उभी राहून ऐकत होती आणि फुलत होती. आईनं नाचही केला, एक. मग पायात चप्पल चावतेय म्हणून बसली.

ग्रॉन्या आणि फीक्रा पर्थला निघायच्या दिवशी अंगणात सामान गाडीत भरून झालं. फिलोमिनानं आठवडाभर अंघोळीला अंगावरून फक्त कोमट पाण्याचा तांब्या ओतला होता, अंग घासलं नव्हतं, आणि कोपरांवरचा रंग उडाला तिथं पुन्हा बोटानं लावला होता. ऊन लागतं म्हणून डोळ्यांवर काळा चष्माही चढवला होता. ग्रॉन्यानं तिला घट्ट मिठी मारली आणि कानाशी म्हणाली, "खरं सांगू? मधे तू इतकी ओढलेली दिसत होतीस की मी फीक्राला म्हटलं होतं, आपण जायचं पुढं ढकलू. लग्नात तुला बघितलं आणि जीव भांड्यात पडला. काही असतं तर तू सांगितलं असतंस ना मला?"

अगदी ओठांवर आलं होतं. आत्ता सांग, आत्ता सांग, असं तिचं मन ओरडत होतं. पोरीनं जावं असंही वाटत होतं आणि आपण पकडलं जावं असंही वाटत होतं.

"तुला नाही सांगणार तर कुणाला?" फिलोमिना म्हणाली.

गाडी वळणाआड गेली. एवढं मनासारखं झालं, आणि तिला वाटलं की आपण पोरीच्या हातातून काहीतरी हिसकावून घेतलंय.

त्याच दुपारी ती खरखरीत मोजा घेऊन गरम पाण्यात बसली आणि तिनं अंग घासलं. पाणी चहासारखं झालं. खालून पिवळा रंग वर आला, पहिल्यापेक्षा गडद. कन्सेप्टा टॉवेल घेऊन उभी होती.

"वळ. पाठ घासते."

"पाठ राहू दे."

"फिल, तू म्हणाली होतीस, रंग उतरला की..."

"उतरला की म्हटलं ना! पाठीचा उतरला नाहीये अजून. तिच्या हातचा आहे तो. आपोआप जाईल तेव्हा जाईल."

कन्सेप्टानं टॉवेल पुढं केला. मग रोज सकाळी तेच. फिलोमिना ब्लाउज वर करून पाठमोरी व्हायची आणि विचारायची, "आहे का गं?" कन्सेप्टा बघायची आणि म्हणायची, "आहे." बॉस्टनच्या तिकिटाची आठवण असलेल्या बाईला एवढं म्हणणं भाग होतं.

गॉलवेला नळी घालायला जायचं त्या सकाळी फिलोमिनानं पुन्हा विचारलं. बॅग दाराशी तयार होती. कन्सेप्टानं पडदा सारला. पाठीवर मणके होते आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना नुसतं पिवळं कातडं. तसं ते दोन दिवसांपूर्वीही होतं.

"नाही गं," ती म्हणाली. "गेला. परवाच गेला. मी खोटं बोलले."

फिलोमिनानं ब्लाउज खाली केला, बटणं लावली. रडली नाही, भांडली नाही. हात पुढं केला तेवढा. कन्सेप्टानं नंबर लावून फोन त्या हातात दिला.

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला. मागं पक्षी ओरडत होते, कुठलेतरी मोठमोठ्या आवाजाचे, तिकडचे.

"आई!" ग्रॉन्याचा आवाज उन्हानं भरलेला होता. "अगं, इथं इतकं ऊन आहे ना, मी सोलून निघालेय! माझा सगळा रंग गेला. तुझा कसा आहे? टिकलाय का अजून?"

फिलोमिनानं कन्सेप्टाचा हात घट्ट धरला.

"उतरला गं बाळा," ती म्हणाली. "म्हणूनच फोन केला. जरा बस कुठंतरी."