हार घातलेली पेटी

दवाखान्याच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावर हार घातलेली काळी पेटी, पुढे फोडलेला नारळ आणि शेजारी ती विकायला आलेले, सफारीतले सयाजीराव. २००५च्या पुरात आमच्या रजिस्टरांचा चिखल झाला. वाचलेल्या नोंदी मी एका कॉम्प्युटरमध्ये उतरवल्या, आणि आता ट्रस्टला त्या ठेवायला नेटवर्कवरची भरवशाची पेटी हवी होती. रेकॉर्ड क्लार्क मी, पण पेटी निवडताना मला कोण विचारतो!

सयाजीरावांनी पेटीतली नोंदी साठवायची एक डिस्क उपसून काढली. तरी माझ्या पडद्यावर रुग्णाचं कार्ड झटकन उघडलं. ट्रस्टी आमोदशेठांनी चक्क हात जोडले.

"हिला मरण नाही," सयाजीराव म्हणाले. "आता जुना कॉम्प्युटर पुसून टाका. दोन ठिकाणी नोंदी म्हणजे पेटीवर अविश्वास. आणि पूजा झालीय, हिला कुणी हात लावू नका."

"पुसा हो, बाळ," आमोदशेठ म्हणाले.

माझा हात माऊसवर गेला. समोर बाकावर शिवथरची चंद्रभागा बसली होती. मागे एका इंजेक्शनने तिचा श्वास कोंडला होता. ते तिला पुन्हा द्यायचं नाही, ही नोंद कागदावर उरली नव्हती, होती ती या कॉम्प्युटरमध्ये.

"माजा कागद हाय ना त्या पेटीत?" तिने विचारलं.

"आहे ना मावशी. श्रद्धा ठेवा," सयाजीराव म्हणाले.

"आमचा भगत बी टोपलीखाली देव दावतो. मी पयली टोपली उचलते."

डॉक्टर कालिंदीताई तडक उठल्या. "बाळ, थांबा." त्यांनी हार बाजूला सारला आणि पेटीची नेटवर्कची वायर ओढून काढली. "आता कार्ड उघडा."

मी क्लिक केलं. कार्ड उघडलं.

"पेटीची जोडणी तर तुटली," ताई म्हणाल्या. "मग हे येतंय कुठून?"

येत होतं आमच्याच कॉम्प्युटरमधून. डिस्क उपसायची पेटीची आणि कार्ड दाखवायचं इथलं, एवढीच करामत. वायर जोडून मी पेटीत पाहिलं, तर आत एकही नोंद नव्हती.

"उद्या चढवणार होतो," सयाजीराव पुटपुटले. आमोदशेठांनी जोडलेले हात खिशात घातले. पुसलं असतं, तर उद्या चंद्रभागेला तेच इंजेक्शन मीच दिल्यासारखं झालं असतं.

पुढे पेटी घेतली ती पारखून. तिच्यातली नोंद दुसऱ्याच कॉम्प्युटरवर परत आणून पाहिली. डिस्क काढून ती नोंद पुन्हा उघडून पाहिली. एक प्रत पुराचं पाणी पोचणार नाही अशा गावी ठेवली. नारळ फोडायचा तर खुशाल फोडा, पण आधी वायर काढून बघा.

चंद्रभागा अजूनही प्रत्येक वेळी तिचं कार्ड मला मोठ्यानं वाचायला लावते, आणि मी वाचतो.