पक्क्या लोखंडाचा कौल

मुरारी मुंबईच्या गिरणीत विजेच्या खात्यात लागला आणि कुडपण गावी सुट्टीवर आला तो शिष्ट होऊनच. करंट आणि फॉल्ट याखेरीज तोंडात शब्द नाही. मन मात्र मैनेवर. मैना तयार होती, पण तिचा बाप कोंडाजी म्हणाला, "देवीनं उजवा कौल दिला तर पोरगी तुजी."

कौल म्हणजे देवीच्या पितळी मुखवट्याच्या दोन्ही गालांवर चिकटवलेल्या ओल्या कळ्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सगळं देवीवर सोडण्याइतका मुरारी खुळा नव्हता. घासून देतो म्हणून त्याने हैबती गुरवाकडून मुखवटा नेला आणि डाव्या गालामागे तारेचं वेटोळं बसवलं. तारेत वीज सोडली की वेटोळ्याचं लोहचुंबक होतं, तोडली की खेळ संपला, ही विद्या गिरणीतल्या मिस्त्रीची. "आत कच्चं लोखंड घाल," असं मिस्त्रीने बजावलंही होतं. पण मुंबईचा माणूस कच्चा माल वापरेल होय? त्याने पोलादपूरच्या बाजारातून पक्की पोलादी कानस आणली आणि तिचा तुकडा आत ठोकला.

कौलाच्या दिवशी कळ्याही त्यानेच पुरवल्या. डावीच्या पोटात सुई होती. घोंगडीखाली त्याने बॅटरीला तार जोडली.

"गो आये, मैना मुरारीला देऊ काय?" कोंडाजीने विचारलं.

उजवी कळी पडली. मुरारीने हळूच तार काढली.

कोंडाजीचं एवढ्यावर भागेना. "जावयानं मुंबई सोडून माज्या घरी नांगर धरावा काय?"

मुरारी निर्धास्त होता. वीज तोडलेली, सुईच्या वजनाने डावीच आधी पडणार. हैबतीने कळ्या पुन्हा लावल्या आणि पडली ती उजवीच. डावी जागची हलेना. कच्चं लोखंड वीज गेली की चुंबकपण सोडतं, पोलाद धरून बसतं, हे त्याला आत्ता उमगलं. त्याला स्वतःचीच चीड आली.

मैनेचा चेहरा पडला. तिने हो म्हटलं होतं ते मुंबईला. ती पुढे झाली. "गो आये, मंग ह्याला मी नाय म्हनू काय?"

उत्तर मुरारीला आधीच ठाऊक होतं. आत कानस आहे म्हणावं, तर गाव तंगडं मोडेल. उजवी कळी पडली.

"देवी जागृत हाय," हैबती हात जोडून म्हणाला, "आनि मुरारीनं घासल्यापासून तर जास्तच."